लिबरल मंडळी राज्यांच्या बाजूची की वॉशिंग्टनच्या?

प्रश्न असा आला होता: "अमेरिकेतले लिबरल 'स्टेट्स राइट्स' (राज्यांचे हक्क) हा शब्द वर्षानुवर्षं शिवीसारखा वापरत आले. आता कॅलिफोर्निया, इलिनॉय, न्यू जर्सी ही त्यांचीच राज्यं केंद्राला जुमानत नाहीत आणि हेच लोक टाळ्या वाजवतात. मग यांची खरी भूमिका कोणती? की वॉशिंग्टनमध्ये कोण बसलंय त्यावर ती ठरते?"

मी न्यू जर्सीत बावीस वर्षं इमिग्रेशनची वकिली करते. फेडरल आणि स्टेट यांच्या मधल्या फटीत पाय अडकलेली माणसं रोज माझ्यासमोर बसतात. आधी कबुली देऊन टाकते: हो, बऱ्याचदा वॉशिंग्टनमध्ये कोण बसलंय त्यावरच ठरते. मी स्वतः लिबरल बाजूची आहे, मतही तिकडेच देते, पण हे नाकारून उपयोग नाही. समोरचेही काही वेगळे नाहीत. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय दोन्ही घरांत चालतो. तरी एवढ्यावर उत्तर संपवलं तर ते आळशीपणाचं होईल.

भारतातून हा विषय वाचताना एक गोष्ट हमखास आडवी येते. आपल्या डोक्यात राज्य म्हणजे केंद्राची धाकटी पाती. इथे आधी तेरा राज्यं होती, मग त्यांनी केंद्र बनवलं. केंद्राला जे दिलं नाही ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहिलं, हे १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीत लिहून ठेवलंय. आपल्याकडे उरलेसुरले अधिकार केंद्राचे, इथे बरोबर उलटं. हा फरक डॉ. आंबेडकरांनी नीट हेरला होता. ते कोलंबियात शिकलेले, अमेरिकेची राज्यव्यवस्था त्यांच्या पूर्ण परिचयाची. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीपुढे मसुदा ठेवताना 'फेडरेशन' न म्हणता 'युनियन' का म्हटलं, ते त्यांनी सांगितलं. राज्यांना फुटून निघण्याचा हक्क नाही हे ठरवायला अमेरिकनांना यादवी युद्ध करावं लागलं. आपण ते सुरुवातीलाच स्पष्ट करून टाकलेलं बरं, असा त्यांचा मुद्दा होता. अमेरिकेत तो वाद फुटून निघण्यापुरता मिटला. बाकी सगळ्या बाबतींत अजून चालू आहे.

आता त्या शिवीकडे. १९४८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातले दक्षिणेकडचे नेते फुटले आणि त्यांनी स्ट्रॉम थरमंडला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं केलं. पक्षाचं नावच 'स्टेट्स राइट्स डेमोक्रॅटिक पार्टी'. कार्यक्रम एकच: काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा, वेगळे डबे, वेगळे नळ टिकवणं. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कुलात नऊ काळी मुलं जाणार, तर आर्कन्सॉच्या गव्हर्नरने नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, शाळेच्या दारात उभं केलं. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने लष्कराची १०१वी एअरबोर्न डिव्हिजन धाडली आणि तेच गार्ड राज्याकडून काढून स्वतःच्या हुकमाखाली घेतलं. ज्या पिढीने हे पाहिलं तिच्या कानात 'राज्यांचे हक्क' हा शब्द कसा वाजत असेल, ते सांगायला नको. या देशातल्या काळ्या माणसाला जी काही दाद मिळाली, ती राज्याच्या डोक्यावरून वॉशिंग्टनला हाक मारून मिळाली. लिबरल मन केंद्राकडे झुकलं त्यात या आठवणीचा वाटा मोठा. दुसरा वाटा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या न्यू डीलचा, म्हणजे १९३० च्या दशकातल्या महामंदीत केंद्राने हाती घेतलेल्या योजनांचा; त्याकडे पुढे येते.

पण १९४८ च्या आधीही इतिहास आहे आणि तो बहुतेक लोक विसरतात. मार्च १८५४. मिसूरीतून पळून आलेला जोशुआ ग्लोव्हर नावाचा गुलाम विस्कॉन्सिनमध्ये पकडला गेला आणि मिलवॉकीच्या तुरुंगात ठेवला गेला. १८५० चा फेडरल कायदा सांगत होता, त्याला मालकाकडे परत पाठवा. शर्मन बूथ नावाच्या संपादकाने गावात आरोळी दिली, जमावाने तुरुंगाचं दार फोडलं आणि ग्लोव्हरला कॅनडाच्या वाटेला लावलं. बूथला फेडरल अटक झाली. विस्कॉन्सिनच्या सुप्रीम कोर्टाने काय करावं? तो फेडरल कायदाच घटनाबाह्य ठरवून बूथला सोडलं. १८५९ मध्ये वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने, म्हणजे सरन्यायाधीश टॉनीच्या कोर्टाने, तो निकाल एकमताने उलटवला.

आता त्या खटल्यात लिबरल कोण आणि राज्यांच्या हक्कांचा कैवारी कोण, ते सांगा. गुलामांचे मालक फेडरल सत्तेच्या बाजूने होते. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना फुटून निघाली तेव्हा तिच्या जाहीरनाम्यात केंद्राविषयी जेवढी तक्रार आहे, तेवढीच उत्तरेच्या राज्यांविषयी आहे: ही राज्यं फेडरल कायदा पाळत नाहीत, आमची माणसं परत करत नाहीत. म्हणजे दक्षिणेची तक्रार अशी की उत्तरेची राज्यं फारच हक्क गाजवतात. ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण इथे चालते, फक्त ससा दर वीस-तीस वर्षांनी हात बदलतो.

ग्लोव्हरची गोष्ट मी उगाच सांगितली नाही. तिच्यात दोन वेगळी कामं आहेत आणि सगळा घोळ ती एकत्र केल्याने होतो. फेडरल कायदा रद्द आहे असं राज्याने जाहीर करणं, हे पहिलं. ते चालत नाही, १८५९ मध्येही चाललं नाही. दुसरं, त्या कायद्याच्या अंमलबजावणीला आपला हात न देणं. १८४२ च्या प्रिग खटल्यात जस्टिस स्टोरीने लिहून ठेवलं होतं की गुलाम पकडण्याचा कायदा फेडरल आहे, राज्याच्या अधिकाऱ्यांवर त्याची सक्ती करता येणार नाही. मॅसॅच्युसेट्सने ती फट लगेच पकडली आणि १८४३ मध्ये कायदा केला: आमचे अधिकारी या कामात मदत करणार नाहीत, आमचे तुरुंग वापरायचे नाहीत. आजच्या 'सँक्च्युअरी' कायद्यांची, म्हणजे इमिग्रेशनच्या धरपकडीत केंद्राला मदत न करण्याच्या कायद्यांची, भाषा वाचा. दीडशेहून अधिक वर्षांनी तीच वाक्यं आहेत, फक्त टाइपरायटर बदललाय.

दुसऱ्या कामाला आज घटनेचं भक्कम कवच आहे आणि ते कवच लिबरलांनी घडवलेलं नाही, ही यातली खरी गंमत. १९९३ मध्ये क्लिंटनच्या काळात बंदूकविक्रीचा ब्रॅडी कायदा आला. बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासायची, आणि केंद्राची यंत्रणा तयार होईपर्यंत ते काम स्थानिक पोलीसप्रमुखाने करायचं. मोंटानाचा शेरीफ जे प्रिंट्झ आणि ॲरिझोनाचा शेरीफ रिचर्ड मॅक कोर्टात गेले: आम्ही राज्याचे नोकर, वॉशिंग्टनने आम्हाला परस्पर कामाला का लावायचं? १९९७ मध्ये ते ५ विरुद्ध ४ मतांनी जिंकले. निकाल लिहिला कॉन्झर्व्हेटिव्ह न्यायमूर्ती स्कॅलियाने. विरोधात चारही लिबरल न्यायमूर्ती. तत्त्व साधं आहे: केंद्राला राज्याच्या अधिकाऱ्याला वेठीस धरता येत नाही. इंग्रजीत यासाठी जो लष्करी शब्द वापरतात त्यापेक्षा आपला 'वेठीस धरणं' मला जास्त नेमका वाटतो. वेठबिगारीत कामाच्या बरेवाईटपणाचा प्रश्नच नसतो. तुझा माणूस, तुझा बैल, तुझी गाडी, माझं काम, एवढंच.

हे कागदावर कोरडं वाटतं, म्हणून ते माझ्या टेबलावर कसं येतं ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका माणसाला लायसन्सशिवाय गाडी चालवताना पकडलं आणि जुन्या न भरलेल्या दंडापायी काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, जेलमध्ये ठेवलं. भावाने पैसे भरले. संध्याकाळी सुटायला हवा होता, सुटला नाही. मी खिडकीपाशी गेले तर कारकुनाने एक पानी फॉर्म काचेला लावून दाखवला: 'आयसीई'चा डिटेनर. म्हणजे इमिग्रेशनवाले म्हणतात, याची सुटका झाली तरी ४८ तासांपर्यंत आणखी ठेवा, आम्ही न्यायला येतो. मी विचारलं, यावर न्यायाधीशाची सही कुठे आहे? नव्हती, त्यांच्याच अधिकाऱ्याची होती. कारकून म्हणाला, "बाई, फेडरल कागद आहे, मी कोण नाही म्हणणार?" माणूस वाईट नव्हता. कागदावरचा गरुड बघून भल्याभल्यांचा आवाज बसतो.

त्या कारकुनाला 'नाही' म्हणता येतं, हे आमच्या भागाच्या फेडरल अपील कोर्टाने २०१४ मध्ये गलार्झा खटल्यात सांगितलं. डिटेनर ही विनंती आहे, हुकूम नव्हे. हुकूम मानला तर दहावी दुरुस्ती आडवी येईल. आधार कोणता? प्रिंट्झ. बंदुकीच्या कायद्याला विरोध करणाऱ्या शेरीफांनी जिंकलेला खटला. गलार्झा हा जन्माने अमेरिकन नागरिक होता, तरी डिटेनरपायी पेनसिल्व्हेनियात अडकून पडला होता, हे जाता जाता.

पुढे २०१८ मध्ये न्यू जर्सीच्या ॲटर्नी जनरलने 'इमिग्रंट ट्रस्ट डायरेक्टिव्ह' काढलं: राज्याच्या पोलिसांनी इमिग्रेशनच्या कामात कुठवर मदत करायची, कुठे थांबायचं. गंभीर गुन्ह्यांसाठी अपवाद आहेत, सरसकट दार बंद नाही. यावर राज्यातल्याच ओशन आणि केप मे या काउंट्या कोर्टात गेल्या: आम्हाला मदत करायची आहे, ट्रेंटन (राज्याची राजधानी) कोण अडवणार? २०२१ मध्ये त्या हरल्या. ज्या फेडरल कायद्यांचा आधार त्यांनी घेतला, ते राज्याचं हे डायरेक्टिव्ह बाजूला सारू शकत नाहीत, असं अपील कोर्टाने सांगितलं. म्हणजे वॉशिंग्टनपुढे ताठ उभं राहणारं लिबरल राज्य आपल्या काउंट्यांना मात्र कान धरून बसवतं. टेक्सासमध्ये याची आरशातली प्रतिमा: २०१७ मध्ये राज्याने कायदा करून शहरांना 'आयसीई'शी सहकार्य करायला भाग पाडलं आणि ह्यूस्टन, सॅन अँटोनियो, ऑस्टिन ही शहरं स्थानिक स्वायत्ततेची बाजू घेऊन कोर्टात गेली. तत्त्वनिष्ठ माणूस शोधायला निघालात तर कंदील घेऊन जा.

लिबरलांची सर्वांत मोठी चूक मात्र मला गांजाच्या खटल्यात दिसते. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये औषध म्हणून गांजाला परवानगी दिली. डायन मॉन्सन नावाच्या पाठदुखीने त्रस्त बाईने घरी सहा रोपं लावली. ऑगस्ट २००२ मध्ये काउंटीचे पोलीस आणि फेडरल एजंट एकत्रच तिच्या दारात आले. काउंटीवाल्यांनी पाहिलं आणि म्हणाले, राज्याच्या कायद्यात बसतंय. फेडरलवाले म्हणाले, आमच्या कायद्यात बसत नाही. तीन तास दारात वाद चालला आणि शेवटी फेडरल एजंटांनी ती सहाच्या सहा रोपं उपटून नष्ट केली. हा गोंझालेस विरुद्ध राइश खटला. २००५ मध्ये मॉन्सन आणि तिची साथीदार अँजेल राइश सुप्रीम कोर्टात ६ विरुद्ध ३ हरल्या. त्यांच्या विरोधात मत देणाऱ्यांत कोर्टातले चारही लिबरल होते: स्टीव्हन्स, सूटर, गिन्सबर्ग, ब्रेयर. बाजूने कोण? ओ'कॉनर, रेनक्विस्ट आणि थॉमस, तिघंही कॉन्झर्व्हेटिव्ह गोटातले. आणि त्या दोघींच्या बाजूने कोर्टात लेखी म्हणणं मांडलं अलाबामा, लुइझियाना आणि मिसिसिपी या राज्यांनी. गांजाला कडवा विरोध असलेली राज्यं, पण कॅलिफोर्नियाला तिचं तिने ठरवू द्या म्हणाली. इतका प्रामाणिकपणा या विषयात क्वचित दिसतो, म्हणून मी ती गोष्ट विसरत नाही.

लिबरल न्यायमूर्तींनी असं का केलं? त्यांना त्या बाईंची कणव नव्हती असं नाही. त्यांना भीती १९४२ च्या गव्हाची. ओहायोचा शेतकरी रॉस्को फिलबर्न याला सरकारने ११.१ एकर गहू लावायची मुभा दिली होती, त्याने २३ एकर लावला. जास्तीचा गहू मुख्यतः घरच्या जनावरांसाठी, घरच्या पिठासाठी, पुढच्या पेऱ्यासाठी, असं त्याचं म्हणणं. दंड झाला ११७ डॉलर ११ सेंट. सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं: तू घरचा गहू खाल्लास म्हणजे बाजारातला घेतला नाहीस, असे हजारो शेतकरी मिळून देशाचा बाजार हलवतात, म्हणून आंतरराज्य व्यापारावर कायदे करायच्या अधिकारात काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, तुझ्या शेतात येता येतं. हाच न्यू डीलचा पाया. याच आंतरराज्य व्यापाराच्या दारातून पुढे १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आत आला; अटलांटातल्या मोटेलवाल्याला काळ्या गिऱ्हाइकाला खोली द्यावी लागली ती या आधारावर. सहा रोपांसाठी हे दार थोडं लोटलं तर उद्या मोटेलवाला त्यातून पळेल, ही भीती. भीती समजते. पण थॉमसने विरोधी निकालात विचारलेल्या प्रश्नाला, म्हणजे एवढ्यालाही काँग्रेस हात घालू शकत असेल तर मग कशाला घालू शकत नाही, याला उत्तर कोणीच दिलं नाही.

पैशाचंही असंच. ओबामाच्या आरोग्य कायद्यात राज्यांना अट होती: मेडिकेड (गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना) वाढवा, नाहीतर आधीचाही निधी जाईल. काही राज्यांच्या एकूण बजेटचा दहा टक्क्यांहून मोठा हिस्सा त्यावर टांगलेला. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी म्हटलं, ही बंदूक रोखून केलेली विनंती आहे, चालणार नाही. लिबरल हळहळले. पाच वर्षांनी ट्रम्पने सँक्च्युअरी शहरांचा निधी तोडण्याचा हुकूम काढला तेव्हा त्याच शहरांच्या वकिलांनी हाच २०१२ चा निकाल पुढे केला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात जिंकले.

मग उरतं काय? लिबरलांमधले जे खरोखर विचार करतात, त्यांचं एक सूत्र मला पटतं. फेडरल हक्क म्हणजे घराचं जोतं. राज्याने त्यावर हवे तेवढे मजले चढवावेत, जोत्याच्या खाली खणू नये. किमान वेतन घ्या: केंद्राचं २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरवर अडकलंय, राज्यांनी आपापलं कितीतरी वर नेलं. समलिंगी विवाह मॅसॅच्युसेट्समध्ये २००४ मध्ये सुरू झाले ते राज्याच्या घटनेवर. जस्टिस ब्रेननने १९७७ मध्येच आपल्या लोकांना सांगितलं होतं की वॉशिंग्टनचं कोर्ट आता तुमचं राहिलेलं नाही, राज्यांच्या घटना उघडून वाचायला लागा. येल लॉ स्कूलमध्ये असताना हेदर गर्कन यांनी तर हा विचार 'प्रोग्रेसिव्ह फेडरॅलिझम' या नावाने मांडला.

सूत्र छान आहे, पण जोतं कुठे आहे हे ठरवणार कोण? बंदुकीचं उदाहरण घ्या. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने शिकागोची पिस्तूलबंदी अडवली आणि सांगितलं की शस्त्राचा हक्क राज्यांनाही बांधतो. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणाले, हे जोतं आहे. आणि विरोधी निकालात लिबरल न्यायमूर्ती सांगू लागले की बाबांनो, शिकागो म्हणजे मोंटाना नव्हे, प्रत्येक ठिकाणाला आपापलं ठरवू द्या. माझं मत विचाराल तर शिकागोबद्दल ते बरोबर होते. पण पाचच वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या त्या दोघींना त्यांनी हे ऐकवलं नव्हतं.

२०२५ च्या जूनमध्ये ट्रम्पने गव्हर्नरच्या मर्जीविरुद्ध कॅलिफोर्नियाचं नॅशनल गार्ड ताब्यात घेऊन लॉस एंजेलिसमध्ये उतरवलं. गव्हर्नरने मागणी न करता गार्ड असं बोलावल्याचं आधीचं ठळक उदाहरण १९६५ चं. तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने अलाबामाचं गार्ड घेतलं होतं, काळ्यांच्या मतदानहक्कासाठी निघालेल्या सेल्माच्या मोर्च्याला संरक्षण द्यायला. फेडरल न्यायाधीशाने मोर्च्याला परवानगी दिली होती आणि गव्हर्नर वॉलेसने खर्च परवडत नाही म्हणून हात वर केले होते. लोक मला विचारतात, तेव्हा टाळ्या आणि आता खटले, असं कसं? फरक आहेच: एकदा सैन्य कोर्टाचा हुकूम पाळायला आणि माणसांचा हक्क राखायला आलं, दुसऱ्यांदा गव्हर्नर आणि शहर नको म्हणत असताना निदर्शनं आवरायला. माझ्या लेखी हा फरक खूप मोठा आहे. पण किल्ली सारखीच आहे, आणि १९६५ मध्ये ती कोणाच्या खिशात राहील याचा विचार आमच्या बाजूने फारसा केला नाही.

प्रश्नकर्त्यांनी शेवटी विचारलं होतं की इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या त्यांच्या भाच्याला या सगळ्याशी काय देणंघेणं. भरपूर. राज्याचं संरक्षण म्हणजे राज्याचे पोलीस मदत करणार नाहीत, एवढंच. फेडरल अधिकारी स्वतः येऊ शकतात आणि येतात. फेडरल कायदा जागच्या जागी असतो. आमच्याकडे २१ एप्रिल २०२२ पासून २१ वर्षांवरच्या कोणालाही गांजा दुकानात मिळतो. सहा रोपांचा तो निकाल मात्र अजून उभा आहे.

एच-वन-बीवरचा नांदेडकडचा एक मुलगा ग्रीन कार्डच्या मेडिकलला गेला. डॉक्टरने विचारलं, ड्रग्ज घेता का? याने सरळपणे सांगितलं, कधीतरी, दुकानातून, कायदेशीर. त्या एका उत्तरापायी त्याचं प्रकरण वर्षभर लांबलं. माझ्याकडे आला तेव्हा पाकिटातून दुकानाची पावती काढून त्याने टेबलावर सपाट केली. ६.६२५ टक्के विक्रीकर वेगळ्या ओळीत छापलेला होता.

"ताई, बघा ना, सरकारनं टॅक्ससुद्धा घेतलाय."

मी विचारलं, "कोणत्या सरकारनं?"